शेवळासोबत काकडही नोंदवा

प्रति,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर

जव्हारजवळच्या शिरपामाळावर लोक येतात ते शिवाजी महाराजांसाठी. 1664 च्या सुरत स्वारीला जाताना महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत केले, ही आठवण इथे अभिमानाने सांगतात. सांगायलाच हवी. पण भोवतालच्या पाड्यांवरच्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी माणसांना रानाचे जे कळते, तेही याच मातीचे संचित आहे. ते जपण्याचे काम 2002 च्या जैवविविधता कायद्याने तुमच्याकडे आले आहे, म्हणून हे पत्र.

शेवळ या रानभाजीचेच घ्या. पावसाच्या तोंडावर ते जमिनीतून वर येते. नुसते शिजवले तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात. खुडणारी बाई कंदाला हात लावत नाही, कारण पुढच्या वर्षी तिला तिथेच यायचे असते. म्हणजे ही भाजी टिकायची तर कंद राहायला हवा आणि काकडाचे झाडही उभे राहायला हवे. जैवविविधता नोंदवहीत ‘शेवळ, खाद्य’ एवढेच लिहिले, तर यातले काय उरले?

कवळी या पालेभाजीचेही तसेच. पहिल्या पावसानंतर ती देवाला दाखवल्याशिवाय वारली घरांत कोणी तोंडात घालत नाही. तेवढ्यात पानाला वाढायला सवड मिळते. याच कवळीच्या मुळ्या, म्हणजे सफेद मुसळी, व्यापारी विकत घेतात. त्यांना हा नेम लागू नाही.

लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी रुजवली ती लोकांकडून शिकण्यासाठी. तर मग ती लोकांच्याच बोलीत लिहा. वारली, कोकणा, कातकरी बोलींत, देवनागरी अक्षरांत. सांगणारीचा आवाजही ध्वनिमुद्रित करा. शाळेत मुलांच्या कानी प्रमाण मराठीच पडते. आजीची बोली तुटली की तिचे रानही नातवाला अनोळखी होते. 2006 च्या वनहक्क कायद्याने या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. तेव्हा वही ग्रामसभेच्या ताब्यात राहू द्या. तिच्यातले काय बाहेर द्यायचे ते ग्रामसभा ठरवील.

सुरुवात जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यापासून करा, शेवळ निघण्याच्या दिवसांत. आणि जी बाई तुम्हाला रान दाखवत दिवसभर फिरेल, तिला त्या दिवसाची मजुरी द्या. तज्ज्ञाला मानधन देता, तसेच तिलाही.

आपला,
जव्हारचा एक रहिवासी