सभागृहातील शब्द आणि मतदाराचा हिशेब

खासदाराच्या कामाचा हिशेब मागण्याची आपल्या मतदारांची रीत मोठी विचित्र आहे. सभामंडपाला निधी मिळाला काय, रस्त्याचे डांबरीकरण झाले काय, लग्नकार्याला किंवा तेराव्याला साहेब येऊन गेले काय, एवढ्यावर त्याचे मूल्यमापन होते. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईसारखे गावही याला अपवाद नसावे. परंतु ही कामे जिल्हा परिषदेची वा सौजन्याची होत. मतदाराने ज्या कामासाठी माणूस दिल्लीस धाडला, ते काम म्हणजे कायदा करणे, अंदाजपत्रक तपासणे आणि सरकारला जाब विचारणे. त्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

हे काम कसे करावयाचे असते, याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातील एका मागास मतदारसंघाने घालून दिला आहे. राजापूरने 1957 ते 1971 या काळात नाथ पै यांना आणि 1971 ते 1991 या काळात मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार नाकारला, तेव्हा नाथ पै यांनी तो अधिकार पुनःस्थापित करणारे खाजगी विधेयक मांडले. विरोधी बाकांवरील एका सदस्याच्या या विधेयकावर देशभर विचारमंथन झाले. जानेवारी 1971 मध्ये ते निवर्तले. परंतु त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यांचे सूत्र स्वीकारले, आणि 1973 च्या केशवानंद भारती निकालाने घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घालून ती दुरुस्ती वैध ठरविली. त्या विधेयकाशी कोणी सहमत असो वा नसो, हाती सत्ता नसताना केवळ युक्तिवादाच्या बळावर राष्ट्राला विचार करावयास लावता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या दंडवत्यांनी हीच परंपरा पुढे नेली. जून 1975 मध्ये एका संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळूरला गेले असता तेथेच त्यांना अटक झाली. त्यानंतरच्या संसद अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला. संसदेचे वृत्त निर्भयपणे छापण्याची मुभा देणारा 1956 चा कायदाही आणीबाणीत रद्द करण्यात आला व 1977 मध्ये तो पुन्हा आणावा लागला. हुकूमशाही प्रवृत्तीला प्रथम भय वाटते ते सभागृहातील प्रश्नाचे, आणि तो प्रश्न जनतेच्या कानी जाण्याचे.

आणीबाणी संपल्यावर विरोधी बाकांवरचा हा वक्ता रेल्वेमंत्री झाला. 1974 च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या. पुढे 1990 मध्ये ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले व 1998 मध्ये संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. दहा हजार रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाला माफी देणारी योजनाही 1990 चीच. कर्जवसुलीच्या शिस्तीवर तिचा काय परिणाम झाला, याविषयी अर्थतज्ज्ञांनी घेतलेले आक्षेप गंभीर आहेत. पण शेतकऱ्याचे कर्ज हा राष्ट्रीय अर्थसंकल्पाचा विषय आहे, हे तिने मान्य करविले.

‘भाषणांनी पोट भरत नाही’ असे यावर कोणी म्हणेल. न बोलण्याने काय होते, ते मग पाहिले पाहिजे. पहिल्या लोकसभेच्या 677 बैठका झाल्या. 2019 ते 2024 या काळातील सतराव्या लोकसभेच्या केवळ 274. मार्च 2023 मध्ये सर्व खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेने चर्चेविना एकगठ्ठा मंजूर केल्या. सप्टेंबर 2020 मध्ये शेतीविषयक विधेयके राज्यसभेत गदारोळात आवाजी मतदानाने संमत झाली; वर्षभराच्या आंदोलनानंतर 29 नोव्हेंबर 2021 रोजी तेच कायदे लोकसभेने चर्चेविना रद्द केले. करतानाही चर्चा अपुरी आणि मोडतानाही चर्चा नाही! सभागृहात जे मुद्दे चार दिवसांत निघाले असते, ते मांडण्यासाठी शेतकऱ्यांना दिल्लीच्या वेशीवर थंडीवाऱ्यात वर्ष काढावे लागले.

पिंपळगाव रेणुकाईचा बाजार हिरव्या मिरचीसाठी ओळखला जातो. मिरचीचा तोडा ठेवता येत नाही. भाव पडला तरी माल विकावाच लागतो. अशा नाशवंत मालाच्या उत्पादकाचे हित वाहतूक, शीतगृह, पीकविमा आणि निर्यातधोरण यांवर अवलंबून असते, आणि यांतील बरेचसे निर्णय दिल्लीत होतात. जालना–जळगाव या 174 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. परंतु मान्यता म्हणजे रूळ नव्हेत. दरवर्षीच्या तरतुदीचा, भूसंपादनाच्या मोबदल्याचा, मालवाहतुकीच्या सोयीचा प्रश्न सभागृहात सातत्याने विचारला गेला, तरच कागदावरची रेघ जमिनीवर उतरते. कोकणचा धडा हाच आहे.

आजच्या खासदाराच्या अडचणी नाकारण्याचे कारण नाही. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकते. तथापि पक्षादेश मतदानाला बांधतो. प्रश्न विचारण्यास, अभ्यासपूर्ण दुरुस्ती सुचविण्यास तो आड येत नाही. शिवाय विचारलेल्या प्रश्नांची केवळ संख्या मोजणे हेही फसवे होय. एकाच साच्यातले शंभर प्रश्न विचारून जे साधत नाही, ते मंत्र्याच्या उत्तरातील विसंगती उघडी पाडणारा एक पूरक प्रश्न साधतो.

म्हणून हा हिशेब मतदारांनीच मागावयास हवा. लोकसभेची कार्यवाही प्रसिद्ध होते, ती कोणालाही वाचता येते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात आपल्या खासदाराची वर्षभरातील भाषणे व प्रश्नोत्तरे ठेवावीत, ग्रामसभेत त्यांचे वाचन व्हावे. खासदार कोणत्याही पक्षाचा असो. ज्या गावाला आपला प्रतिनिधी काय बोलला हे ठाऊक असते, त्या गावाच्या प्रतिनिधीला गप्प बसणे परवडत नाही.