घरचा माणूस शिबिरात हरवतो तेव्हा



जिल्हा बैठकांत भाव, कर्ज, वीज, पीकविमा यांची चर्चा उघडपणे होते. एक दुखणे मात्र कुणी माईकवर बोलत नाही. ते बाजूला घेऊन, आवाज खाली करून सांगितले जाते. कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या, कुणाची शिकलेली सून 'व्यक्तिमत्त्व घडवणाऱ्या' शिबिराच्या नादी लागलेली असते. आधी दोन दिवसांचे फुकट शिबिर, मग पाच दिवसांचे पैशाचे, मग वरची पायरी, तिच्याही वरची पायरी. घरात बोलणे कमी झालेले असते आणि फोन सतत चालू असतो. पैसे संपले की उसनवारी, उसनवारी संपली की आईचे डोरले. असे सांगणारा बाप दारूड्या मुलाबद्दल बोलतानाही इतका ओशाळत नाही. या अंकात आम्ही हाच विषय घेतला आहे, कारण लपवल्याने तो वाढतो.

आधी हिशेब मांडू. हिशेब मांडल्याशिवाय बोलायचे नाही, हीच आपली रीत आहे. समजा, एका शिबिराची फी पन्नास हजार रुपये आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये जाहीर झाला. म्हणजे ती फी साडेसहा क्विंटल कापसाची किंवा साडेतेरा क्विंटल ज्वारीची झाली. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल कापूस धरला, तर दीड एकराची सगळी वेचणी गेली. तीही बियाणे, खत, फवारणी, मजुरी न कापता आणि हमीभाव खरोखर हातात पडला असे धरून. त्या बदल्यात मिळाले काय? टाळ्या, गळ्यात एक पट्टा आणि पुढच्या पायरीचे आमंत्रण.

हे मूर्खांचे काम आहे, असे म्हणून हात झटकू नका. अमेरिकेतले एक उदाहरण कोर्टाच्या निकालाने जगासमोर आले आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहराजवळ १९९८ साली कीथ रनीरी नावाच्या माणसाने नॅन्सी साल्झमन या बाईच्या साथीने यशस्वी होण्याचे वर्ग सुरू केले. पुढे हा कारभार 'नेक्सियम' या नावाने ओळखला गेला. याच रनीरीने त्याआधी साखळी पद्धतीची सभासद जोडणारी कंपनी चालवली होती आणि अनेक राज्यांच्या चौकशीनंतर ती बंद पडली होती. धंदा बदलला, साखळी तीच राहिली. वर्गांची फी हजारो डॉलर. पायरीप्रमाणे गळ्यात रंगीत पट्टे. नवी माणसे आणली तरच वर चढायला वाट. त्यात नट-नट्या होत्या, उद्योजक होते, दारूच्या एका प्रचंड कंपनीची वारस असलेली बाई होती. शिकलेली, पैसेवाली, जग पाहिलेली माणसे. पुढे आतल्या एका गुप्त गटात बायकांकडून त्यांची बदनामी होईल असे कागद आणि फोटो तारण म्हणून घेतले गेले आणि त्यांच्या अंगावर डाग दिले गेले. जनावरावर देतात तसे. रनीरीला २०१८ च्या मार्चमध्ये मेक्सिकोत पकडले, २०१९ साली ज्यूरीने दोषी ठरवले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये १२० वर्षांची शिक्षा झाली. त्या वारसदार बाईलाही पावणेसात वर्षांची कैद झाली.

सगळीच शिबिरे अशी नसतात. संगणकाचा, शिवणाचा, भाषण करण्याचा वर्ग फी घेतो, विद्या देतो आणि सोडून देतो. आपण बोलतो आहोत ते सोडत नाही त्यांच्याबद्दल. ते कसे ओळखायचे? पहिल्या दिवशी कौतुकाचा पूर येतो. ज्या पोराला घरात 'काय कामाचा' एवढेच ऐकायची सवय, त्याला तिथे शंभर माणसे उभी राहून टाळ्या देतात. मग सकाळपासून रात्री उशिरापर्यंत कार्यक्रम चालतो. झोप कमी, विचाराला उसंत नाही. सगळ्यांसमोर आपली दुःखे, बापाचे मार, चोरून केलेल्या गोष्टी सांगायला लावतात. त्या सांगितल्या की माणूस हलका होतो आणि बांधलाही जातो. शंका विचारणारा 'निगेटिव्ह' ठरतो. शेवटी ही शंका घेणारी माणसे म्हणजे आईबाप, बायको, जुना मित्र, आणि त्यांच्यापासून लांब राहा असे सांगितले जाते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी चीनमधल्या विचारबदलाच्या छावण्यांतून सुटलेल्या लोकांशी बोलून १९६१ साली पुस्तक लिहिले. बाहेरच्यांशी संपर्क तोडणे, पापाची कबुली घेणे, आपलीच एक सांकेतिक भाषा रुजवणे, ही लक्षणे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवली आहेत.

आणि फायदा झाला नाही तर? फवारणीचे औषध लागू पडले नाही की कृषी केंद्रवाला काय म्हणतो? 'तुमचं प्रमाण चुकलं, आता हे भारी औषध घ्या.' इथेही तेच. वर्ग खोटा नसतो, तुमचा विश्वास कमी पडलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे आणखी महाग वर्ग. ज्या मालाची परीक्षाच होऊ शकत नाही, त्याचा भाव कधी उतरत नाही.

आमची पोरे याला का बळी पडतात, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. शेतात राबून पदरात काही पडत नाही. नोकरी मिळत नाही. शेतकरी मुलाला मुलगी द्यायला कुणी तयार नाही. अशा वेळी गुळगुळीत कोट घातलेला माणूस सांगतो, 'तू गरीब आहेस कारण तुझे विचार गरीब आहेत.' आमचा खरा राग या वाक्यावर आहे. कापसाला खर्चाएवढा भाव मिळत नाही तो काय कास्तकाराच्या विचारामुळे? पावसाने महिनाभर दडी मारली ती कुणाच्या निगेटिव्हिटीमुळे? या चळवळीने शेतकऱ्याला एवढेच शिकवले की गरिबी तुझ्या नशिबात नाही, अकलेत नाही, ती तुझ्या मालाच्या भावात आहे. त्या पोराला शिबिरात नेमके याच्या उलटे शिकवले जाते. सगळा दोष पुन्हा त्याच्याच डोक्यावर टाकला जातो आणि तो उतरवण्याची फीही त्याच्याकडूनच घेतली जाते.

आता घरच्यांनी काय करायचे?

पहिली गोष्ट, दार बंद करू नका. 'पुन्हा घरात पाऊल टाकू नको' असे बाप रागाने म्हणतो, तेव्हा शिबिरवाल्यांचे काम तो स्वतःच पूर्ण करतो. घरचे तुझे नाहीत, हेच तर ते सांगत असतात. हप्त्यातून एक फोन करा. त्यात शिबिराचा विषय नको. गाय व्याली, आजीचे गुडघे दुखतात, पऱ्हाटीला पाते लागले, एवढे पुरे. त्या फोनवर त्याला कळते की परतायला जागा आहे.

दुसरी, जबरदस्ती करू नका. अमेरिकेत १९७० नंतरच्या काळात काही घरच्यांनी भाड्याची माणसे लावून आपली सज्ञान मुले पंथांतून उचलून आणली आणि खोलीत कोंडून त्यांचे 'डोके ठिकाणावर' आणण्याचा प्रयत्न केला. असे कोंडलेल्या एका तरुणाने खटला भरला. १९९५ साली ज्यूरीने लाखो डॉलरची भरपाई द्यायला लावली आणि घरच्यांना मदत करणारी तिथली मोठी संस्था १९९६ मध्ये दिवाळ्यात निघाली. आपल्याकडेही सज्ञान माणसाला कोंडणे हा गुन्हाच आहे. शिवाय कोंडलेला माणूस सुटल्यावर कुठे पळेल, हे सांगायला नको.

तिसरी, वाद घालू नका, प्रश्न विचारा. माणसाने पैसा, वेळ आणि अब्रू जिथे लावली ती गोष्ट खोटी म्हणताना त्याचा जीव तुटतो. आपणही तिबार पेरणी करतो ती याच पायी. आधीची दोन बियाणी वाया गेली, असे मन मानत नाही. म्हणून 'तू फसलास' म्हणू नका. विचारा, 'आतापर्यंत एकूण किती भरले? किती मिळाले? तुझ्यासोबत सुरू केलेले आज कुठे आहेत? शेवटची पायरी कोणती आणि तिची फी किती?' उत्तर लगेच मागू नका. प्रश्न बियाण्यासारखा असतो, ओल मिळाली की उगवतो.

चौथी, पैसा देऊ नका आणि तसे स्पष्ट सांगा. 'जेवण, दवाखाना, घरी यायचे भाडे, यासाठी कधीही माग. शिबिरासाठी एक रुपया नाही.' जमीन विकू नका, गहाण ठेवू नका. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहू नका, जामीनदाराची सही म्हणजे स्वतःचेच कर्ज. आपले एटीएम कार्ड आणि त्याचा आकडा कुणाच्या हाती देऊ नका. हे सगळे शांतपणे सांगायचे, भांडणात नाही.

पाचवी, कागद जपा. पावत्या, फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, जाहिराती, दिलेली आश्वासने. केवळ नवी माणसे जोडून पैसा फिरवणाऱ्या साखळी योजना १९७८ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरवल्या आहेत. थेट विक्रीच्या कंपन्यांनी अशा साखळ्या चालवू नयेत, असे २०२१ चे ग्राहक संरक्षण नियमही सांगतात. फी घेऊन कबूल केलेले दिले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ज्याने पैसे भरले तो तक्रारीला तयार होईपर्यंत कागद तुमच्या पेटीत राहू द्या.

सहावी, जीव जपा. झोप उडाली, खाणे सुटले, जगण्यात अर्थ नाही असे कुणी बोलू लागले, तर तो शिबिराचा प्रश्न राहत नाही. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक फुकट आहे. डॉक्टरला दाखवण्यात कमीपणा नाही. कर्जाने खचलेल्या घरांनी हे फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.

या सगळ्याला वेळ लागतो. नेक्सियमच्या प्रकरणात कॅथरीन ऑक्सेनबर्ग या नटीने २०११ साली आपल्या तरुण मुलीला घेऊन पहिला वर्ग केला. आई बाहेर पडली, मुलगी आत रुतत गेली. २०१७ मध्ये आईने समोर बसवून समजावले, मुलीने ऐकले नाही. आईने सुटून आलेल्या बायकांना गाठले, वर्तमानपत्रांकडे गेली, पुरावा सरकारी वकिलांपर्यंत पोचवला. रनीरी पकडला गेल्यानंतर मुलगी हळूहळू मोकळी झाली आणि पुढे तिने स्वतः जगासमोर सगळे सांगितले. एका बैठकीत काम झाले नाही. पण आईने मुलीशी वैर धरले नाही, ती लढली ती चालकांशी. लढाई कुणाशी, हे ज्याला कळले त्याचा माणूस परत येण्याची आशा राहते.

परत आल्यावर काय? 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य गिळून टाका. पारावर त्याची टिंगल होऊ देऊ नका. त्याने आणखी चार जणांना त्यात ओढले असेल, त्यांचे शिव्याशाप त्याला ऐकावे लागतील. त्याच्यासोबत बसून एकूण देणे वहीत लिहा आणि फेडीचा रस्ता काढा. हाताला काम द्या. हरलेल्याला कामासारखा आधार नाही.

एक प्रश्न आम्हाला कुणी विचारण्याआधी आम्हीच विचारतो. चळवळही माणसे जोडते, बिल्ला लावते, वर्गणी घेते, घोषणा देते. मग फरक काय? फरक तपासून घ्या. वर्गणीचा हिशेब मागता येतो का? नेत्याला भर सभेत प्रश्न विचारता येतो का? बिल्ला काढून ठेवला तर माणसे रामराम करतात की तोंड फिरवतात? घर, शेत, सोयरे सोडायला कुणी सांगते का? ही फूटपट्टी शिबिराला लावा, बुवाला लावा, पक्षाला लावा आणि आम्हालाही लावा. जो मोजू देत नाही त्याचे माप खोटे.

पुढच्या जिल्हा बैठकीत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवावा, अशी आमची सगळ्या तालुकाप्रमुखांना विनंती आहे. नावे घेऊ नका, गावे सांगू नका, फक्त घडले ते सांगा. प्रत्येक तालुक्यातून अशा घरांना भेटायला दोन माणसे ठरवा, त्यात एक बाई असावीच, कारण आयांना बोलायला बाई लागते. कर्जवसुलीची जीप दारात आली तेव्हा आपण शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो. या वेळी दारात जीप नाही, एवढेच. ओट्यावर जाऊन बसायचे तेच.