राईनपाड्याची ती खोली

२०२० साली अमेरिकेत ‘द डिपार्टमेंट ऑफ ट्रुथ’ ही भयकथेची कॉमिक मालिका सुरू झाली. लेखक जेम्स टायनियन, चित्रकार मार्टिन सिमंड्स. तिच्या मुळाशी एकच कल्पना आहे: पुरेशा लोकांनी विश्वास ठेवला की खोटी गोष्टही खरी होऊ लागते. पृथ्वी सपाट आहे असं मानणारे वाढले, की पृथ्वीची कड डोळ्यांना दिसू लागते. असं घडू नये म्हणून सरकारात एक गुप्त खातं काम करतं. त्या खात्याचा प्रमुख आहे ली हार्वी ऑस्वाल्ड, म्हणजे केनेडींचा मारेकरी ठरलेला आणि १९६३ सालीच मेलेला माणूस. लोकांनी काय खरं मानायचं, हे लोकांना न विचारता ठरवणारं हे खातं वाचकाला कथेतल्या राक्षसांइतकंच भिववतं.

मला त्यातला एक प्रसंग सोसला नाही. शाळेतल्या गोळीबारात एका आईचा मुलगा गेला आहे. हा गोळीबार झालाच नाही, सगळा सरकारचा बनाव आहे, असं सांगणारे तिच्या मागे लागतात. ऐकून ऐकून तिलाही वाटू लागतं, आपला मुलगा कुठेतरी जिवंत असेल.

हे लेखकाने हवेतून आणलेलं नाही. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. ॲलेक्स जोन्स नावाच्या निवेदकाने वर्षानुवर्षं सांगितलं, की हे नाटक आहे आणि रडणारे पालक नट आहेत. त्याच्या श्रोत्यांनी त्या पालकांना धमक्या दिल्या. काहींना घरं सोडावी लागली. २०२२ साली ज्युरीने पीडितांच्या बाजूने ९६ कोटी ५० लाख डॉलरची भरपाई ठरवली. पण मला त्या श्रोत्यांबद्दल बोलायचं आहे. जोन्स बोलला, कारण ऐकायला माणसं होती. मुलाला पुरून आलेल्या बापाला फोन करून ‘तू खोटं रडतोस’ असं सांगणारा माणूस कुठल्या गुप्त खात्याचा नोकर नव्हता. तो कुणाचा तरी शेजारी होता, रोज कामावर जाणारा होता.

पडद्याआडून कुणीतरी सगळं चालवतं, ही गोष्ट माणसाला का आवडते? भीतीपोटी आवडते हे खरं, पण तेवढंच कारण नाही. ती आपल्याला मोकळं करते. राज्य जर अदृश्य टोळीच चालवत असेल, तर मी मत कुणाला दिलं, कुणाला मुकाट्याने लाच दिली, कुठल्या अन्यायासमोर मान खाली घातली, याचा हिशेब द्यायचं कारण उरत नाही. आणि त्या टोळीला कुणी पाहिलेलं नसल्यामुळे तिच्यावरचा राग समोर सापडेल त्या दुबळ्यावर निघतो.

आपल्याकडे हे नवं नाही. १८९६ च्या प्लेगात मुंबईत मोमियाईची आवई उठली होती: इस्पितळात नेलेल्या माणसाच्या शरीरातून सरकार औषधी अर्क काढतं. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. परक्या सरकारने रोग्यांना घरातून बळजबरीने नेऊन लोकांना संशयाचं कारण दिलं होतं, हे मी नाकारत नाही. राज्य परकं होतं आणि लोकांना मत नव्हतं. आज काय सबब आहे?

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागून जगणाऱ्या या माणसांना जमावाने टोळी ठरवलं, एका खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. ती खोली ग्रामपंचायत कार्यालयाची होती.

हे पुन्हा वाचा. सरकार नावाच्या वस्तूचं सर्वांत लहान घर म्हणजे ग्रामपंचायतीची खोली. तिथे घरपट्टी भरायची, दाखला मागायचा, पाण्याची तक्रार करायची. कुणालाच न दिसलेल्या टोळीच्या भीतीने त्याच खोलीत पाच निरपराध माणसं ठेचली गेली. मारणारे होते, पाहणारे होते आणि मोबाइलवर चित्रण करणारेही होते.

आता तीच खोली वर्षाच्या इतर दिवशी पाहा. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती पुरते. तरीही गावोगावच्या ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होतात, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग चार जण बसतात, ठराव लिहितात, ठेकेदाराचं नाव नक्की होतं. यात गुप्त काही नाही, नोटीस भिंतीवर लागलेली असते. आपण गेलो नाही. वर घरी बसून म्हणालो, ‘सगळं वरून ठरलेलं असतं.’

दिल्लीचंही तेच. राजकीय पक्षांना निनावी देणग्या देण्याची निवडणूक रोख्यांची योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये देणगीदारांच्या याद्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या झाल्या. खरोखरच लपवलेला पैसा, खरोखरची नावं, रुपयांच्या आकड्यांसकट. ज्यांच्या मोबाइलवर जगभरच्या कारस्थानांच्या चित्रफिती रोज येतात, त्यांच्यातल्या किती जणांनी ती यादी उघडून एक पान वाचलं? मी ओळखीच्या सुशिक्षितांना विचारलं. वाचलेला एकही भेटला नाही. पुरावा वाचायला कष्ट पडतात आणि वाचल्यावर काहीतरी करावं लागतं. आवई पुढे पाठवली की काम संपतं. हा आळस आहे, आणि या आळसाने माणसं मारली आहेत. शिकलेल्यांना यातून सुटका नाही. राईनपाड्याच्या आदिवासी गावकऱ्यांकडे बोट दाखवणाऱ्यांनी आपल्या सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात स्वतः काय पुढे पाठवलं, ते आधी काढून पाहावं.

वाचकहो, पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागेल तेव्हा घरातल्या बायकामुलींना घेऊन जा. शहरात राहत असाल तर आपल्या प्रभागातल्या रस्त्याचा ठेका कुणाला आणि कितीला दिला, ते माहितीच्या अधिकारात विचारा; अर्जाला दहा रुपये लागतात. आणि अनोळखी माणसाबद्दलचा पुढचा मेसेज येईल तेव्हा तो पाठवण्याआधी मंगळवेढ्याकडच्या त्या पाच घरांची आठवण ठेवा.