अळीला ‘सवय’ झालेली नाही!

एरंडोल स्टँडवर कुणालाही विचारा, बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी का येते? उत्तर ठरलेलं: ‘तिला आता सवय झाली ना!’ तुम्हीही घरी हेच ऐकलं असेल. पण सवय बिवय काही झालेली नाही. जे झालं, त्याला नैसर्गिक निवड म्हणतात.

बीटी बियाणं आपल्याकडे २००२ मध्ये आलं. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं. अळीने बोंड कुरतडलं, की त्यातलं प्रथिन तिच्या आतड्याला चिकटतं आणि ती मरते. लाखो अळ्यांत एखादीच्या जनुकात मात्र आधीपासूनच असा बारीकसा बदल असतो, की प्रथिन नीट चिकटतच नाही. बाकीच्या मेल्या, ही जगली, पिल्लं हिचीच वाढली. एकही अळी बदलली नाही, जमात बदलली. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या बीटीला न जुमानणारी अळी सापडली. २००६ मध्ये आलेलं दोन जनुकांचं बियाणंही पुढे तिने पचवलं, आणि २०१७ ला महाराष्ट्रात काय झालं ते घरच्यांना विचारा.

आता गंमत बघा. हरभऱ्यावरची घाटेअळी कपाशीवरही येते, पण तिला बीटी अजून बऱ्यापैकी मारतं. कारण ती तूर, हरभरा, टोमॅटो सगळं खाते. तिथे बीटी नाही, त्यामुळे साध्या अळ्याही जगतात आणि त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकाराचं जनुक पातळ होत राहतं. गुलाबी अळीचं पोट जवळपास फक्त कपाशीवर. तिच्यासाठी वर्षानुवर्षं ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची पुडी यायची, बांधाकडेने पेरायला. किती जणांनी पेरली? दोष तरी कसा द्यायचा? अळीसाठी मुद्दाम ओळी सोडा, हे कर्ज काढून पेरणाऱ्याला कोण पटवणार?

आणि फरदड. जानेवारीत विहिरीला पाणी असलं, की ‘अजून एक वेचणी निघेल’ म्हणून पऱ्हाटी उभीच ठेवतात. मोह होतोच. पण त्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत पडून असलेली अळी म्हणजे हंगामभर बीटी खाऊनही तगलेली. पुढच्या पावसाळ्यात तुमच्या कपाशीच्या पहिल्या फुलांवर तिचीच पिल्लं असतात.