दोन घोषणा, एक शब्द

दरवर्षी 17 सप्टेंबरला औरंगाबादच्या (2023 पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) सिद्धार्थ उद्यानात मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिस्तंभापाशी ध्वजवंदन होते आणि निजामी जुलमातून मराठवाडा मुक्त करणाऱ्या वीरांचा गौरव केला जातो. तो व्हायलाच हवा. परंतु ‘स्वातंत्र्य’ हा शब्द 1947 साली निजामानेही वापरला होता, ही गोष्ट त्या भाषणांत क्वचितच येते.

मीर उस्मान अली खान यांचे फर्मान जून 1947 मधले. भारत किंवा पाकिस्तान यांपैकी कोणत्याही घटना समितीत हैदराबाद प्रतिनिधी पाठवणार नाही. इंग्रजांची सार्वभौम सत्ता 15 ऑगस्टला संपली की आपण पुन्हा स्वतंत्र सार्वभौम होऊ, असा त्याचा आशय होता. त्रावणकोरच्या दिवाणांनीही त्याच महिन्यात तीच भाषा केली. परकी सत्ता जाणार आणि देशी सत्ता स्वतंत्र होणार, एवढाच जर स्वातंत्र्याच्या घोषणेचा अर्थ असेल, तर निजामाच्या फर्मानात आणि लाहोरच्या ठरावात फरक तो कोणता?

लाहोरला काँग्रेसने डिसेंबर 1929 मध्ये पूर्ण स्वराज्याचे ध्येय जाहीर केले आणि 26 जानेवारी 1930 रोजी देशभर प्रतिज्ञा वाचली गेली. त्या दिवशी इंग्रज कुठेही गेलेला नव्हता. तुरुंग, तिजोरी आणि फौज त्याच्याच हाती होती. मग ही औपचारिक घोषणा कशासाठी? तोवर मागणी होती ती वसाहतीच्या स्वराज्याची. हसरत मोहानींनी 1921 साली अहमदाबादेत पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला, तेव्हा तो मान्य झाला नाही. 1928 च्या नेहरू अहवालातही वसाहतीचेच स्वराज्य होते. ऑक्टोबर 1929 मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांनीही तेच अंतिम ध्येय म्हणून कबूल केले, फक्त तारीख सांगितली नाही. ज्या शब्दात राज्यकर्ता आणि गुलाम दोघेही सुखाने नांदू शकतात, तो शब्द लढ्याच्या कामाचा राहत नाही. शिवाय मागणी करणारा माणूस, देण्याचा हक्क समोरच्याचा आहे, हे मागतानाच मान्य करून बसतो. घोषणेने तो हक्कच नाकारला. त्या प्रतिज्ञेत नुसती भावना नव्हती, हिशेब होता : माणशी रोजची सरासरी मिळकत सात पैसे, करांच्या बोज्यापैकी वीस टक्के शेतसारा, तीन टक्के मिठावरचा कर. दीड महिन्यात दांडीयात्रा निघाली, त्यात आश्चर्य नाही.

मात्र त्या घोषणेचे हात संस्थानांच्या वेशीपर्यंतच पोहोचले. 1938 साली हरिपुरा काँग्रेसने संस्थानी प्रजेसाठीही पूर्ण स्वराज्याचे ध्येय मान्य केले, पण लढा प्रजेने स्वतःच्या बळावर आणि काँग्रेसचे नाव न घेता लढावा, असे ठरवले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिचा जन्म होण्याआधीच बंदी आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील मुलांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणणे सोडले नाही. चळवळ उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेली, विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. बंदी उठली ती 1946 मध्ये. पुढे निजामाच्या फर्मानाला स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली उत्तर मिळाले. 7 ऑगस्ट 1947 हा दिवस ‘हिंदी संघराज्यात सामील व्हा’ या मागणीसाठी पाळला गेला.

फरक इथे स्पष्ट होतो. निजामाच्या घोषणेत सार्वभौमत्व सिंहासनाचे होते. सुमारे एक कोटी त्रेसष्ट लाख प्रजेपैकी कोणालाही विचारण्याची त्याला गरज वाटली नाही, आणि प्रौढ मतदानाने निवडलेले विधिमंडळ तर राज्यात नव्हतेच. राज्यातील सुमारे तीस टक्के जमीन जहागिरींत आणि दहा टक्के सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खाजगी खात्यात अडकली होती. त्या घोषणेने स्वतंत्र झाले असते ते जहागीरदार. त्यांचे कूळ नव्हे. हे ओळखणाऱ्यांत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान होते. विलीनीकरणाचा पुरस्कार केला म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांची हैदराबादेत हत्या झाली. मुक्तिसंग्राम म्हणजे एका धर्माने दुसऱ्यावर मिळवलेला विजय, असे आज जे सर्रास सांगितले जाते, त्यात या हुतात्म्याला जागा कुठे?

आणि जागा त्यांनाही नाही, जे नंतर मारले गेले. 14 सप्टेंबर 1948 रोजी औरंगाबाद भारतीय फौजेच्या हाती आले, 17 तारखेला निजाम शरण आला. त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांची जी कत्तल झाली, तिचा अंदाज नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने किमान 27 ते 40 हजार असा दिला. रझाकारांचे अत्याचार खरेच होते, पण त्यांची किंमत मोजली ती बहुतांशी विणकर, मजूर आणि कुळांनी. समितीचा अहवाल सरकारने दशकानुदशके दडवून ठेवला.

सिंहासनाच्या धन्याने मात्र फारशी किंमत मोजली नाही. जहागिरी 1949 मध्ये मोबदला देऊन रद्द झाल्या, 1950 मध्ये कुळकायदा आला. पण 26 जानेवारी 1950 रोजी, लाहोरच्या प्रतिज्ञेला बरोबर वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, मीर उस्मान अली खान हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. ते पद 1956 पर्यंत त्यांच्याकडे राहिले. वर्षाला पन्नास लाखांचा तनखा वेगळा. संस्थानिकांचे तनखे घटनादुरुस्तीने बंद व्हायला 1971 साल उजाडावे लागले.