स्पेशलायझेशन काम पाहून निवडा



‘एमबीएला फायनान्सच घ्यावे, बाकी विषयांत वेळ घालवू नये’ असे मत मांडणारे पत्र गेल्या आठवड्यात वाचले. पहिल्या पगाराची पत्रलेखकाची काळजी रास्त आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही.

कोल्हापुरात व्यवस्थापनाचे शिक्षण नवे नाही. सायबर ही संस्था 1976 पासून ते देत आहे. आपल्या भोवतीचे उद्योग तरी एका साच्याचे कुठे आहेत? शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींना सदोष कास्टिंग कमी करणारा, ऑर्डर वेळेत पोहोचवणारा माणूस हवा. ते काम ऑपरेशन्सचे. ‘गोकुळ’सारख्या दूध संघात हजारो उत्पादकांचे दूध नासण्याआधी बाजारात न्यायचे, तर पुरवठा साखळी कळायला हवी. गुळाच्या हंगामात खेळते भांडवल सांभाळायचे, तर फायनान्स हवेच. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी 2025 मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला सुरुवातीला श्रेय न देता मांडल्या. कारागिराचे नाव आणि दाम दोन्ही टिकवायला मार्केटिंग जाणणारी आपली मुले हवीत.

म्हणून पालकांना कळकळीची विनंती: पहिल्या वर्षी सगळे विषय मुलांना मनापासून शिकू द्या. उन्हाळी प्रकल्प एखाद्या कारखान्यात किंवा संघात प्रत्यक्ष राबून करू द्या. मग निवड त्यांच्यावर सोपवा. शेजारच्या मुलाच्या पॅकेजवरून ती ठरवू नका.

– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर