ऐकणे हा गुन्हा नव्हे

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून लिंबाच्या झाडापर्यंत मी पंधरा मीटर तांब्याची तार बांधत होतो. खालून अब्बांनी विचारले, ‘‘ये कायकू?’’ म्हटले, ‘‘शॉर्टवेव्ह ऐकायला.’’ ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘लोगां क्या बोलेंगे?’’

नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात कुणी काहीच बोलले नाही. पण हा प्रश्न अब्बांना पडला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

अब्बांचे अर्धे आयुष्य ट्रान्झिस्टरच्या संगतीत गेले. इशाच्या नमाजनंतर ते आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस लावायचे आणि आवाज अगदी बारीक ठेवायचे. रेडिओवर उर्दू म्हणजे पाकिस्तान, असे समजणारे लोक तेव्हाही होते. १९६५ साली सुरू झालेली ही सेवा आपल्याच दिल्लीतून चालते, हे प्रत्येकाला समजावत बसण्यापेक्षा बटण फिरवणे त्यांना सोपे वाटे. पुढे तो सेट बिघडला, दुरुस्त करणारा मिळाला नाही आणि शॉर्टवेव्ह आमच्या घरातून गेली.

मी ती संगणकावरून परत आणली. पेन ड्राइव्हएवढा रिसीव्हर लॅपटॉपला जोडायचा, त्याला गच्चीवरची तार लावायची; बाकी सगळे काम सॉफ्टवेअर करते. एसडीआर शार्पसारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते. रिसीव्हर घेताना मात्र एक गोष्ट विचारून घ्यावी. यातले साधे, स्वस्त प्रकार २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाहीत आणि आपल्याला हवी असलेली बहुतेक स्टेशने त्याच्या खालीच असतात.

पडद्यावर वरून खाली सरकणारे निळे चित्र दिसते. त्याला वॉटरफॉल म्हणतात. त्यातली प्रत्येक उजळ उभी रेघ म्हणजे एक स्टेशन. अब्बा काटा केसाकेसाने सरकवत एकेक स्टेशन शोधायचे. इथे ३१ मीटरचा सगळा पट्टा एका नजरेत दिसतो. रेघेवर क्लिक केले की आवाज येतो. शेजारचे स्टेशन घुसत असेल तर माउसने पट्टी अरुंद करायची. गेन मात्र हावरटासारखा वाढवायचा नाही, नाहीतर नसलेली स्टेशनेही दिसू लागतात. दिवसा १९ मीटर आणि अंधार पडल्यावर ४९ मीटर, हा जुना हिशोब आजही चालतो, कारण आकाशातला आयनांचा थर काही बदललेला नाही.

बदलले आहे ते आपले घर. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर या सगळ्यांची खरखर शॉर्टवेव्हवर उतरते. पहिले दोन दिवस मला खरखरीशिवाय काही ऐकू आले नाही. तिसऱ्या रात्री गावाची वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता. पडद्यावरचे धुके एकदम विरले आणि त्यातून एकामागून एक रेघा वर आल्या. लोडशेडिंगचे आभार मानण्याची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली.

अब्बांच्या प्रश्नाकडे परत येतो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेले काँग्रेसचे नेते आमच्याच जिल्ह्यात, अहमदनगरच्या किल्ल्यात आणले गेले. त्यांत काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. ‘इंडिया विन्स फ्रीडम’मध्ये मौलाना सांगतात, की त्यांच्याजवळ नेहमी एक छोटा रेडिओ असे. किल्ल्यात बाकीचे सामान त्यांच्याजवळ राहू दिले गेले, पण रेडिओ काढून घेतला गेला. तो त्यांना सुटकेनंतरच पुन्हा दिसला, म्हणजे थेट १९४५ साली. त्याच ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथीदार ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवू लागले होते. माझ्या पडद्यावर ही जागा ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. आता त्या भागात हॅम मंडळींच्या गप्पा चालतात. तिथे कर्सर नेला की वाटते, हा आवाज किल्ल्याच्या भिंती ओलांडू शकला असता. ऐकण्याचे साधनच तेवढे काढून घेतले होते.

सत्ता बोलणाऱ्याला घाबरते, हे आपण नेहमी म्हणतो. ती ऐकणाऱ्यालाही घाबरते.

कुणी म्हणेल, मोबाइल असताना ही खटपट कशाला? ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद झाले, तेव्हा बीबीसीने शॉर्टवेव्हवर हिंदीची वेळ अर्ध्या तासाने वाढवली आणि उर्दूत ‘नीमरोज’ हा पंधरा मिनिटांचा रोजचा कार्यक्रम सुरू केला. मग ३१ जानेवारी २०२० रोजी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारणच बंद केले. जानेवारी २०२३ मध्ये बीबीसीने अरबी रेडिओ बंद केला. एप्रिलमध्ये सुदानात युद्ध पेटले आणि मे महिन्यात सुदानसाठी शॉर्टवेव्हवर तातडीची अरबी सेवा सुरू करावी लागली. इंटरनेटची कळ कुणाच्या तरी हातात असते. आकाशावरून परतणारी लहर अडवणे त्या मानाने अवघड असते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या मोहल्ल्यात रात्रंदिवस फॉरवर्ड फिरतात आणि टीव्हीवर आपल्याबद्दल सतत कुणीतरी बोलत असते. दोन्हीकडे काय ऐकायचे ते दुसराच ठरवतो. शॉर्टवेव्हवर सरकारी प्रचार भरपूर आहे, पण तो आपल्या नावानिशी येतो. एकच घटना चीन कशी सांगतो आणि इराण कशी सांगतो, हे पाठोपाठ ऐकले की कान तयार होतो. ऐकणे म्हणजे मानणे नव्हे, हे कुणी शिकवावे लागत नाही. प्रक्षेपण करायचे असेल तर परवाना लागतो आणि लागायलाच हवा. लोकांसाठी केलेले प्रसारण ऐकताना मान खाली घालण्याचे कारण नाही. आपल्या उर्दू शाळांच्या संगणक कक्षात असा एक रिसीव्हर असावा. भूगोल, विज्ञान आणि भाषा एका तारेवर शिकता येतील.

परवा मगरिबनंतर अब्बा माझ्या खुर्चीवर बसलेले दिसले. माउस अजून त्यांच्या हाताला नीट बसत नाही. क्लिक करताना रेघ चुकते. मी खिडकी लावायला उठलो तर म्हणाले, ‘‘रहने दे.’’ आवाजाची पट्टी त्यांनी बरीच वर नेली होती.